रिझर्व्हवर भूतान

डोळ्यांच्या डॉक्टरकडून निघालो आणि आमचे हे तडक पार्किंगमध्ये गेले. गाडीत बसले, चावी लावली आणि समोर बघत म्हणाले, "भूतान करून येऊ. आपल्याच गाडीनं. तिकडून आलो का चावी तुझी."

डॉक्टरांनी सांगितलं होतं ते असं. काचबिंदू आहे, कडेचं दिसणं कमी झालंय, डावीकडचं जास्त. समोरचं स्वच्छ दिसतं म्हणून माणसाला स्वतःला कळत नाही. अंधारात गाडी चालवायचीच नाही आणि दिवसाही आता लवकर सोडायची. त्यावर आमच्या यजमानांचं उत्तर, भूतान!

हे रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. चौतीस वर्षं दर तपासणीत डोळे पास. त्या माणसाला सांगायचं की आता तुम्हाला डावीकडची सायकल दिसत नाही. मी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि हो म्हणून बसले. त्याचा मला अजूनही राग येतो, त्यांचा नाही, माझाच. आमची पोट्टी पुण्याला असते, तिला मराठी सगळं समजतं पण बोलते हिंदीत. ती फोनवर म्हणाली, "मम्मी, आप दोनों पागल हो क्या?" आणि तिला डोळ्यांचं तर सांगितलंच नव्हतं.

जाण्याआधी यांच्या दोन सवयी सांगते, पुढचं सगळं त्यावरच घडलंय. पहिली सवय इंजिनातली. इंजिनात सिग्नल दिसला की सहायकानं तो मोठ्यानं पुकारायचा आणि ड्रायव्हरनं तसाच परत म्हणायचा. "हिरवा!" "हिरवा!" चुकूनही खोटा पुकारायचा नाही. माझं ऑफिस नव्या रायपूरला गेलं तेव्हा तिकडच्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवर यांनी मला गाडी शिकवली, तीही अशीच पुकारा करवून. मी सत्तेचाळीस वर्षांची बाई चौकात ओरडतेय, "लाल!" बाजूचे स्कूटरवाले हसायचे.

दुसरी सवय पेट्रोलची. महाराष्ट्रात पेट्रोल महाग, आमच्याकडे रायपूरला स्वस्त. त्यामुळे नागपूरहून परतताना हे कधी देवरीच्या अलीकडे पेट्रोल भरणार नाहीत. बागनदी ओलांडायची, छत्तीसगडात शिरायचं आणि मग भरायचं. काट्याचा दिवा लाल लागलेला, मी जीव मुठीत धरून बसलेली आणि हे शीळ घालतायत. जन्मभर विजेचं इंजिन चालवलं, वरच्या तारेतून आपोआप वीज येते. इंधन संपतं म्हणजे काय होतं, हे ह्या माणसाला ठाऊकच नाही!

ऑक्टोबरात निघालो. पंडरीच्या बाजारातून दोन स्वेटर घेतले, डब्यात शंकरपाळे आणि भाजक्या पोह्यांचा चिवडा. पुरानी बस्तीतल्या आमच्या गल्लीतून गाडी काढताना मी डावीकडच्या आरशाकडे डोळे लावून बसले ते चार दिवस तशीच. "डावीकडे म्हैस." "डावीकडे मोटारसायकल." हे परत म्हणायचे, "मोटारसायकल." इतर बायका प्रवासात खिडकीतून डोंगर बघतात.

पहिला मुक्काम रांची, संबलपूर-राउरकेला करत. रस्ता बराचसा चांगला, पण लांब. सकाळी पाचला निघालात तर दिवस मावळायच्या आत पोचता. दुसऱ्या दिवशी दुमका, मग फरक्क्याच्या पुलावर ट्रकांच्या मागं अडीच तास. मालदाला राहिलो. तिसऱ्या दिवशी सिलिगुडी करून संध्याकाळी जयगाव. जयगाव आपलं आणि मधल्या कमानीपलीकडचं फुन्शोलिंग भूतानचं. कमानीच्या अलीकडे हॉर्न, चिखल, रिक्षा. पलीकडे माणसं पट्ट्यांवरूनच रस्ता ओलांडतात आणि गाड्या थांबतात. आम्ही दोघं पट्ट्यांपाशी खुळ्यासारखे उभे, गाडी जाण्याची वाट बघत. आणि गाडी थांबलेली, आमच्या जाण्याची वाट बघत!

कोणी जाणार असेल तर आम्ही गेलो तेव्हाचं सांगते, आता नियम बदललेत, फी बदललीय, नीट विचारून जा. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट लागतो, आधार चालत नाही. फोटो, गाडीची कागदपत्रं, विमा, पीयूसी, सगळ्याच्या प्रती. शनिवार-रविवारी परवाना कचेरी बंद. त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढं, म्हणजे आपण वेळेवर गेलो तरी उशीरच. आपले रुपये सगळीकडे चालतात. आणि पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त, लिटरमागे चांगले दहाबारा रुपये.

हे शेवटचं वाक्य आमच्या यांना रायपुरातच कळलं होतं. तिथंच घात झाला.

जयगावला पोचताना काटा पावावर आला होता. मी म्हटलं, "भरून घ्या ना."

"काहून? उद्या परदेशात जाऊन राहिलो ना आपण. तिथं स्वस्त आहे."

दुसऱ्या दिवशी आमचा आणि गाडीचा, दोन्ही परवाने हातात पडेपर्यंत दुपारचे बारा वाजले. फुन्शोलिंगच्या पंपावर गेलो तर चाळीस गाड्यांची रांग, निम्म्या जयगावच्या टॅक्सी. आमच्यासारखी अक्कल सगळ्यांनाच असते. मी म्हटलं, कमानीतून मागं जाऊ, जयगावला दहा मिनिटांत भरू.

"परदेशात येऊन देशातलं पेट्रोल काहून भरू वं? वर घाटात पंप आहे, मी विचारलं. तिथं गर्दी नाही राहत."

"अहो, चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला होईल!"

"तुले काय समजते त्यातलं."

मला काय समजतं! घाट चढायला लागलो. वळणावर वळण, पहिला-दुसरा गिअर, आणि काटा असा खाली की पाण्याच्या टाकीला भोक पडावं. अर्ध्या तासात दिवा लागला. मग धुकं आलं. डावीकडे दरी की डोंगर ते मलाही दिसेना, यांना काय दिसणार? माझा पुकारा बंद पडला. यांनी विचारलं, "डावीकडे काय आहे?" मी म्हटलं, "काही दिसत नाही." ते म्हणाले, "मले पण." मग आम्ही एसी बंद केला, गाणी बंद केली, बोलणं बंद केलं. धुक्यात बैलगाडीच्या वेगानं चढत राहिलो.

गेदू गावाच्या अलीकडे पंप आला. मी हात जोडले. पंपावर एक तिशीतली बाई होती, पायघोळ किरा नेसलेली, वर पंपाचं जाकीट. गाडी दिसताच तिनं हात हलवला, "डीज़ल है, पेट्रोल ख़तम. टैंकर आएगा."

"कब आएगा?"

"नीचे से निकला है. तीन बजे, चार बजे..."

म्हणजे आम्ही आलो त्याच घाटातून, आमच्याच मागून येणार होता. आम्ही त्याच्या पुढं धावत आलो होतो!

तिथं तीन तास काढले. शेजारच्या टपरीत गरम लाल भात आणि मिरच्यांची चीज घातलेली भाजी. मिरची मसाला म्हणून नाही, भाजी म्हणूनच. विदर्भातलं माणूसही दोन घासांत डोळे पुसतं. यांनी खाल्लं, मी भातच खाल्ला. ती बाई चहा घेऊन आली. हिंदी छान बोलायची, म्हणाली टीव्ही बघून शिकले. आमच्या नंबर प्लेटकडे बघून तिनं विचारलं, "सीजी कौन सा है? ये नंबर कभी नहीं आया."

"छत्तीसगढ़. रायपुर. नया राज्य है," हे म्हणाले.

"नया? कब बना?"

हे हसले. "बहुत साल हो गए बेटी. पर जहाँ जाओ, नया ही है."

मग तिनं विचारलं, इतक्या लांब गाडी कोणी चालवली? "मैं," हे म्हणाले. ताठ बसून म्हणाले. तिनं "वाह अंकल!" केलं आणि मी चहाच्या कपात बघत राहिले. मी फार थकले होते. पाठ, मान, डोळे, सगळं. दुसऱ्याच्या डोळ्यांचं काम करून माणूस किती थकतं ते मला तेव्हा कळलं. ओरडायचीही ताकद नव्हती, नाही तर तिथंच टपरीत सोक्षमोक्ष लावला असता.

टँकर पाचला आला. त्यांच्या घड्याळात पाच, पण धुक्यात दिवेलागणीसारखं झालेलं. तेल उतरवून, थोडा वेळ थांबून मग पेट्रोल सुरू झालं. पुढच्या दोन गाड्या गेल्या आणि आमची पाळी आली. आमच्या गाडीची टाकी डावीकडे. ती बाई नळी हातात घेऊन डावीकडेच उभी होती. हे गाडी पुढं घ्यायला लागले. सावकाशच, पण थेट तिच्यावर.

मला एक क्षण वाटलं, थांबतील. मग कळलं की ती यांना दिसतच नाहीये.

"डावीकडे माणूस!"

असा पुकारा मी जन्मात केला नव्हता. करकचून ब्रेक लागला. बंपर आणि तिचा गुडघा यांत वीतभर अंतर. नळी तिच्या हातातून खाली पडली. "अंकल! देखा नहीं क्या?" ती ओरडली.

हे खाली उतरले. गाडीला वळसा घालून तिच्यापाशी गेले, हात जोडले. "नहीं दिखा, बेटी. मुझे उस तरफ़ नहीं दिखता."

डॉक्टरांकडून आल्यावर हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघालं. मला नाही, पोरीला नाही, त्या परक्या बाईला. तिनं नळी उचलून पुसली आणि विचारलं, "कितने का?"

हे नेहमी म्हणतात, "पाचशेचं टाक." त्या दिवशी मात्र माझ्या दाराशी आले, काच खाली घ्यायची खूण केली आणि चावी माझ्या मांडीवर ठेवली. मी चावी मुठीत धरली आणि म्हटलं, "फुल." आणि मग मला रडू आलं. पेट्रोल भरेपर्यंत रडत होते. शेवटी तीच बाई कागदी रुमाल घेऊन आली.

त्या संध्याकाळी पुढं गेलो नाही. पंपामागच्या वस्तीत त्या बाईच्या ओळखीच्या घरी खोली मिळाली, जाड पांघरुणं आणि रात्रीचं जेवण धरून. यांना लगेच झोप लागली. सकाळी ऊन पडलं होतं, आणि काल ज्याच्या कडेनं आम्ही आंधळ्यासारखे आलो ती दरी दिसली. माय वं! मी पुन्हा बघितली नाही.

थिंफूपर्यंत गाडी मी चालवली. घाटातली माझी पहिलीच वेळ. हे डाव्या सीटवर, मांडीवर हात ठेवून. "पुढं वळण आहे. दुसरा टाक." "दुसरा." "क्लच सोडून राहिली तू एकदम, हळू." थिंफूत एकही सिग्नलचा दिवा नाही. चौकात छत्रीखाली पोलीस उभा राहून हातांनी गाड्या सोडतो. यांनी खाली उतरून वीस मिनिटं त्याचं काम बघितलं. किल्ले पाहिले, पारोची नदी पाहिली, लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. पण खरं सांगू? मला तिथला एकही किल्ला नीट आठवत नाही. गाडी कुठं लावायची एवढंच आठवतं. पेट्रोलचा सल्ला मात्र ध्यानात ठेवा. फुन्शोलिंगलाच टाकी भरा, रांग असली तरी. घाटात पंप कमी, असला तर त्यात पेट्रोल असेलच असं नाही आणि डब्यात आम्हाला कोणी दिलं नाही.

परतीचे चार दिवस मीच चालवलं. फरक्क्याला पुन्हा ट्रक, पुन्हा दोन तास. घोटे सुजले. हे चिडले नाहीत, सल्ले कमी झाले, आणि ते मला जास्त जड गेलं. शेवटी आरंग गाव मागं गेलं, नव्या रायपूरचा तो मोकळा रस्ता आला. चौकात लाल दिवा होता. मी ब्रेक लावला. मग मीच म्हटलं, "लाल." बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "लाल."

गाडीची चावी आता माझ्या पर्समध्ये असते. हे मागत नाहीत. स्टेशनवर चालत जातात, गाड्या बघून येतात. भूताननं काय दिलं म्हणाल तर, फोटो आहेत, टाकीत तिकडचं स्वस्त पेट्रोल होतं ते केव्हाच संपलं.

परवा नणंदेकडे नागपूरला गेलो होतो. परतताना देवरीच्या अलीकडे दिवा लागला. बाजूला पंप होता, मी इंडिकेटरही दिला. डाव्या सीटवरून काटा त्यांना दिसत नाही. त्यांनी विचारलं, "काटा?"

मी यांच्याकडे बघितलं. इंडिकेटर बंद केला. "पावाच्या वर आहे."

"मंग बागनदी ओलांडून भरू."

"हव."

ते शीळ घालायला लागले. किती दिवसांनी! मी घामानं ओल्या हातांनी स्टिअरिंग धरून चालवत राहिले, एसी हळूच बंद केला. बागनदी ओलांडली, आपल्याकडचा पहिला पंप आला. "फुल," मी म्हटलं. आकडे फिरत राहिले, फिरत राहिले. हे कान देऊन बसले होते. पंपवाल्याला विचारलं, "कितना गया भैया?"

"चौंतीस लीटर, सर."

टाकी पस्तीसची.

"खोटा सिग्नल पुकारला तू," हे म्हणाले.

"हो."

"इंजिनात सस्पेंड करतात याच्यासाठी."

"मग करा."

यांनी पैसे दिले, पावती घेतली. मी गाडी सुरू केली, तेव्हा त्यांनी मान पार डावीकडे वळवली, खांदाही वळवला, हळूहळू मागून पुढपर्यंत सगळं बघितलं आणि मोठ्यानं पुकारलं, "डावीकडे कोणी नाही. हिरवा!"

"हिरवा," मी म्हटलं. तरी एकदा डावीकडे बघून घेतलं आणि गाडी काढली.