पेटीतलं जुनं माप

नव्वदचं दशक संपत आलेलं. मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या, डाय म्हणजे धातूचे साचे बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग ऑफिस सांभाळायचे. कोपरहून यायचे, वय पंचविशीतलं आणि तोंडाने फटकळ. ऑफिसात कॉम्प्युटर तीन आणि ड्रॉइंगं सगळी फ्लॉपीवर. एकाच पार्टच्या पाच-सहा फ्लॉप्या: ‘फायनल’, ‘नवीन फायनल’, ‘हेच घ्या’. खाली मशिनवाल्यांकडे चुकीचं प्रिंट जायचं आणि शिव्या मला बसायच्या. डोकं फिरायचं नुसतं.

म्हणून मी पेटी करायला घेतली. हे नाव ऑफिसातल्यांनीच पाडलेलं. अडगळीतला एक जुना कॉम्प्युटर, त्यात दोन हार्ड डिस्क, आणि मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरचं लिनक्स. तिन्ही कॉम्प्युटर वायरने पेटीला जोडले की सगळ्यांची ड्रॉइंगं एकाच जागी. शिवाय त्या सॉफ्टवेअरचं आतलं सगळं उघडं. वाचा, बदला, कोणी विचारणार नाही. मला त्याचंच केवढं अप्रूप! माझा नियम साधा होता: एका पार्टची एकच फाइल. नवी सेव्ह केली की जुनी गेली. रोज संध्याकाळी पहिल्या डिस्कची नक्कल दुसरीवर. आणि काम झालं की खालचं प्रिंट फाडायचं.

आमच्या म्हाताऱ्या ड्राफ्ट्समनना सगळे काका म्हणायचे. त्यांची पद्धत वेगळी. माप बदललं की जुन्या ट्रेसिंगच्या कागदावर तिरकी लाल रेघ मारायची, बाजूला तारीख, कारण आणि सही, मग तो नव्याच्या खाली खणात ठेवायचा.

“अगं, पण तुझ्या पेटीत जुनं कुठे राहणार?” त्यांनी विचारलं.

“काका, जुन्यानेच तर सगळा घोळ होतो! कशाला जपायचं?”

ते आपल्या टेबलाशी जाऊन पुढची लाल रेघ मारायला लागले.

दोन महिने पेटी छान चालली. मग एका डायचा तुकडा अर्धा मिलिमीटर कमी निघाला. महागाचं स्टील वाया. तो कापलेला ठाण्याच्या कोळीवाड्यातल्या आमच्या जुन्या फिटर मिस्त्रींनी. ते म्हणाले, “मी प्रिंटप्रमाणंच कापलाय.” मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेटी उघडली. फाइलमध्ये साडेबेचाळीस. दुसऱ्या डिस्कवरही साडेबेचाळीस. मी सगळ्यांसमोर तावातावाने म्हटलं, “दोन-दोन ठिकाणी तेच आहे. मिस्त्री, तुम्हीच मोजायला चुकलात.” मालकांनी त्यांना यापुढे येऊ नका म्हणून सांगितलं. मिस्त्रींनी हात पुसले, डबा घेतला आणि निघाले.

काका तेवढ्यात माझ्या शेजारी येऊन बसले. “ही फाइल शेवटची कधी सेव्ह झाली, ते कळतं का गं?”

कळत होतं. जॉबकार्डावर कापण्याची तारीख मंगळवार. पेटी सांगत होती, बुधवार दुपार. आणि सेव्ह करणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव.

तेव्हा कुठे आठवलं. बुधवारी गिऱ्हाइकाचा फोन आलेला, अर्धा मिलिमीटर वाढवा म्हणून. मी वाढवलं, सेव्ह केलं आणि परत पेटीच्या खटपटीला लागले. खाली सांगायचंच राहिलं. मंगळवारचं बेचाळीस कुठेच उरलं नव्हतं, ना डिस्कवर ना कागदावर. ते मीच पुसायला लावलेलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

लगेच मालकांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं. ते बराच वेळ बोलले, आणि ते मला ऐकून घ्यायलाच हवं होतं. संध्याकाळी काकांना घेऊन कोळीवाड्यात गेले. मिस्त्री ओट्यावर बसलेले. त्यांच्या बायकोने पाणी दिलं.

“मिस्त्री, चूक माझी होती. मालकांनी परवा कामावर बोलावलंय.”

“नाय येत,” ते शांतपणे म्हणाले. “पोरी, सगल्यांसमोर मला खोटा पाडलंस. आता खरं माझ्या ओट्यावर येऊन सांगतेस?”

काकाच म्हणाले, “ती तिथेच सांगेल. तुम्ही या.”

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी एकटीच वर्कशॉपमध्ये बसून पेटीचा नियम बदलला. सेव्ह करताना जुनी फाइल तारखेसकट वेगळ्या फोल्डरात जाईल, आणि बदलाचं कारण लिहिल्याशिवाय पेटी नवी घेणारच नाही. काकांचा खण, दुसरं काय. दिवस त्यातच गेला. त्यानंतरच्या सकाळी काय बोलायचं, ते मात्र काही केल्या जुळत नव्हतं.

सकाळी मिस्त्री आले. आपल्या मशिनपाशी गेले नाहीत, दारातच उभे राहिले. मी खाली उतरले. लेथ चालू होते, माणसं कामाला लागलेली. कसंबसं म्हटलं, “मिस्त्रींचं माप बरोबर होतं. मी नंतर ड्रॉइंग बदललं आणि सांगितलं नाही.”

मिस्त्रींनी हात वर करून लेथवाल्यांना थांबायची खूण केली. एकेक मशिन बंद होत गेलं.

“मागं ऐकू नाय गेलं,” ते म्हणाले. “परत बोल.”

मी परत बोलले.