मठात नेलेला कोंबडा

"देव कुणाचा ते विचारू नका, जावई. ऐकतो का ते विचारा." असं म्हणायचं आणि पदराची गाठ सोडायची, ही मावशीची सवय. त्या गाठीत कधी तमिळ देवळातली विभूती, कधी पीराच्या कबरीवरचं फूल, कधी चर्चमधल्या मेणबत्तीचा तुकडा. सगळं एकत्र. "यांची आपसात भांडणं होत नाहीत का?" मी एकदा विचारलं. म्हणाली, "देव काय माणसांसारखे रिकामटेकडे असतात?"

मी मावशी म्हणायचो, पण ती नात्यातली नव्हती. बेटावरच्या कांप दे मास्क गावात आमच्या शेजारी राहायची. माझी बायको पार्वती पितों गावची आणि मावशीचं माहेरही पितोंचं. तेवढ्यावर तिने स्वतःला माझी सासू करून घेतलं. पहाटे कमरेला गोणपाट बांधून उसात तण काढायला निघाली की आमच्या दारात थांबायची. "जावई, उठा. बैल तुमच्या आधी उठलाय." मी बैलगाडीवर ऊस वाहायचो. बैलसुद्धा तिला घाबरायचा. खोटं सांगत नाही.

तुमच्याही गावात अशी एखादी असेल. कुणाच्या घरी पाळणा हलत नाही, कुणाचा नवरा रम पितो, हिला आधी ठाऊक. आणि प्रत्येकासाठी हिच्याकडे एक देव तयार. आम्हाला मूल नव्हतं, तर त्यासाठी तिने अर्धं बेट आमच्याकडून पालथं घालून घेतलं. नवस तिच्यासमोर मोठ्याने बोलावा लागे. "तोंडातल्या तोंडात पुटपुटलं तर देव काय कान लावून बसलाय?" आणि नवस म्हटला की कोंबडा. आमच्या आज्या-पणज्यांनी कोकणातून जहाजात बसून या बेटावर आणलं ते एवढंच. गणपती, गोंधळ आणि कोंबडा.

साठ सालच्या वादळाने आमचं छप्पर नेलं. ते परत घातलं, तोवर पार्वतीच्या पोटात गाठ धरली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने पोट दाबून बघितलं आणि मला एकट्याला बाहेर बोलावलं. बाहेर बोलावून काय सांगतात ते तुम्हाला माहीत आहे. मी मावशीला सांगितलं. पार्वतीला सांगितलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मावशी हजर. "मोकाच्या डोंगरात वर एक चिनी जोगीण राहते. बुद्धाचा मठ आहे. आपल्या दुकानदार चिन्याची बायको दरसाल जाते."

"तो आपला देव नाही, मावशी."

"आपल्या देवांना सांगून झालं ना?"

मी बसचे पैसे काढले.

बस सोडली आणि उसातून चालत निघालो. ऊस संपला तशी चढण लागली. दोन्ही बाजूंना लाल पेरूंची झुडपं, खाली चिखल, आणि वरून ती बारीक भुरभुर, जी तिकडे कधी थांबतच नाही. पार्वती जरा चालायची आणि दगडावर बसायची. मग मी तिला पाठीवर घेतलं. उसाची मोळी तिच्याहून जड असते. मावशी पुढे, बगलेत तांबडा कोंबडा, आणि तोंड चालूच. "जावई, हळू! पोरगी आहे ती, तुमचा ऊस नाही."

मठ म्हणजे काय, पत्र्याचं छप्पर, लाल रंगवलेले खांब, आत लाकडाचा बुद्ध आणि धूर. बाजूला भाजीचा वाफा. डोकं भादरलेली एक ठेंगणी म्हातारी बाहेर आली. मावशीने कोंबडा पुढे केला आणि कमरेची सुरी काढली. म्हातारी बेटावरच्या बोलीत ओरडली, "पा तुय इसी!" इथे मारायचं नाही.

मावशीला वाटलं, कोंबडा लहान म्हणून नको म्हणतेय. तिने त्याची तंगडी धरून म्हातारीच्या नाकासमोर नेली. "अगं बाई, मांडी तरी बघ!"

पार्वती हसली. पोट दुखत असताना पोट धरून हसली. किती महिन्यांनी.

मावशीने कोंबडा माझ्या हातात कोंबला आणि पार्वतीला घेऊन आत गेली. मी बाहेर राहिलो. जोगिणीने माझ्याकडून कोंबडा घेतला, त्याच्या पायाची दोरी सोडली. तो सरळ वाफ्यात शिरला. "लेस ली वीव," ती म्हणाली. जगू दे त्याला.

उतरताना मावशी गप्प होती. नवस कोरडा राहिला म्हणून असेल, असं मला वाटलं.

पुढची ऊसतोड लागायच्या आत पार्वती गेली. मावशी दारात आली तेव्हा मी म्हटलं, "तुमचा कोंबडा जिवंत आहे, मावशी. माझी बायको मेली. आता सांगा कुठल्या देवाने ऐकलं." ती आल्या पावली परत गेली. 

त्यानंतर तिने देव सोडले. कुणी नवस विचारायला आलं तर म्हणायची, "डॉक्टरकडे जा." पदराला गाठ नाही, काही नाही. मला बरं वाटलं, स्पष्टच लिहितो. मी त्या लाकडी बुद्धावर रागावलेला होतो, त्या जोगिणीवर, मावशीवर. राग असला की घर रिकामं वाटत नाही.

काही वर्षांनी तिच्या मुलाने पितोंला काँक्रीटचं घर बांधलं आणि तो तिला न्यायला आला. लॉरीत सामान चढत होतं. ती माझ्या दारात आली, आत आली नाही.

"जावई, पोरीने मठात काही मागितलंच नाही."

"म्हणजे?"

"मी म्हटलं, मोठ्याने बोल, मला बरं कर म्हण. तर म्हणाली, 'मावशी, मला काय झालंय ते मला कळलंय. मागायचं काही नाही. थोडा वेळ इथे बसू दे.' मग बसलो दोघी."

"आणि हे आत्ता सांगता?"

"विचारलंत कधी? तेव्हापासून तोंड फिरवून बसलात." ती लॉरीकडे वळली, परत थांबली. "अजून एक म्हणाली. म्हणाली, 'इथे बरं आहे. घरी सारखं कुणीतरी माझ्या तोंडाकडे बघत असतं. आता मेली का, मग मेली का.'"

लॉरी गेली. मावशी पितोंला वारल्याचं मला दुकानात कळलं, तेही उशिरा. आता बुद्धावर रागावता येत नाही, कारण त्याच्याकडे कुणी काही मागितलंच नव्हतं. मावशीवरही नाही, तीही गेली.

घरी सारखं कुणीतरी, म्हणाली. आमच्या घरात आम्ही दोघंच होतो.