उजवं फूल पडलं होतं

गेल्या महिन्यात आमच्या भावकीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नकार दिला. नातवाने सगळं ठरवलं होतं, गाडी दारात उभी होती. बाई म्हणाल्या, भैरोबाने कौल दिला नाही, आणि कौल नसताना डोळ्याला हत्यार लावायचं नसतं. आधाराला त्यांनी माझ्या आईचं उदाहरण दिलं. आमच्या गावात ही गोष्ट साठ वर्षांहून जास्त काळ सांगितली जाते आहे. देवाने आईला एकदा थांबवलं, मग वेळ आल्यावर स्वतः माणूस पाठवला आणि तिला डोळा दिला, अशी. मी काठी टेकत त्यांच्या घरी गेलो आणि जे खरं घडलं ते सांगितलं. ऐकून त्यांनी मला जवळ बसवलं. मग म्हणाल्या, "हे मला एकटीला सांगून काय उपयोग? लिहून ठेव." म्हणून लिहितो आहे.

आमचं गाव बारामतीहून इंदापूरकडे जाताना कालव्याच्या कडेला आहे. पन्नास सालानंतरच्या त्या पाच-सहा वर्षांत मी पंचविशीच्या आसपास होतो. वडील लवकर गेले होते. घरात आई, मी, बायको, आणि कालव्याच्या पाण्यावरची थोडी जमीन. आईला दिसायचं कमी झालं ते आम्हाला उशिरा कळलं, कारण तिने ते कळू दिलं नाही. धान्य निवडताना ती बोटांनी खडा ओळखायची. दारात कोण आलं ते चालण्यावरून सांगायची. एकदा तिने चुलीतल्या निखाऱ्यावर थेट हात ठेवला, तेव्हा मी घाबरलो. त्याआधी डोळ्यांत मध घालून झाला होता, कांद्याचा रस घालून झाला होता.

बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारली. ती इकडून तिकडे फिरवत, उजेड कुठून येतोय ते विचारलं. आईने बरोबर बोट दाखवलं. ते म्हणाले, मोतीबिंदू आहे, दोन्हीकडे. डावा अजून कच्चा आहे, उजवा पिकला आहे, तो आता काढायलाच हवा. पुण्याला जायची आमची ऐपत नव्हती. पण दिवाळीच्या सुट्टीत इंदापूरच्या एका शाळेत पुण्याचे डॉक्टर येऊन फुकट ऑपरेशनं करणार होते. आईचं नाव तिथल्या यादीत घातलं गेलं. अट एकच होती, की रोग्याजवळ घरचं एक माणूस आठ दिवस राहिलं पाहिजे. बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती. म्हणजे माणूस मीच.

आणि त्याच आठवड्यात माझी कालव्याच्या पाण्याची पाळी होती. उसाचं बेणं नुकतंच लावलं होतं. ही पाळी चुकली असती तर ते वाळलं असतं, असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर शेजारच्या रानातले तात्या आपण होऊन म्हणाले होते, "तू जा रं आयला घिऊन, मी पानी भरतो तुज्या उसाला." पण पाण्याच्या बाबतीत मी कुणावर विश्वास ठेवत नव्हतो. तात्या आधी आपला ऊस भरतील आणि उरलं तर माझा, हा संशय माझ्या डोक्यातून जात नव्हता.

आईने सांगितलं, जाण्याआधी भैरोबाला विचारायचं. आमच्याकडे कौल लावतात तो असा: गुरव ओल्या बोटांनी देवाच्या छातीवर दोन फुलं चिकटवतो, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवं आधी पडलं तर देव हो म्हणाला, डावं पडलं तर नाही. गुरवाने फुलं लावली, गाऱ्हाणं घातलं आणि तो विहिरीवर पाणी आणायला गेला. कारण फुलं कधी लगेच पडतात, कधी घटका घटका लागते. देवळात आम्ही दोघंच होतो. आई पदर पसरून बसली होती. काही वेळाने उजवं फूल सुटलं आणि देवाच्या पायाशी पडलं.

आईने त्याचा अगदी बारीक आवाज ऐकला असावा. तिने विचारलं, "कुठलं पडलं रं?"

मी म्हणालो, "डावं."

इतक्या वर्षांत मी स्वतःला पुष्कळदा विचारलं, की ते मी ठरवून बोललो का. नाही, ठरवलं नव्हतं. पण शब्द तोंडातून गेल्यावर मी पडलेलं उचलून आणि दुसरं देवावरून काढून दोन्ही फुलं कनवटीला लावली, ती मात्र ठरवून. गुरव परत आला तेव्हा देवाच्या अंगावर काही नव्हतं आणि त्याने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला.  आई पदर झटकून उठली, माझा खांदा धरला आणि घरी आली.

आठवडाभर मी ऊस भरला. तो ऊस फार चांगला आला.

त्यानंतर मी भैरोबाच्या देवळावरून जाणं टाळू लागलो. रानात जायला ओढ्याची वाट धरली. लांब पडायची, पण धरली. फाल्गुनात आईचा उजवा डोळा लाल झाला, कपाळ फुटेल असं दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या. बारामतीला नेलं. डॉक्टर माझ्यावर चिडले. मोतीबिंदू जास्त पिकून डोळ्याच्या आत ताण वाढला होता. दुखणं थांबलं, पण त्या डोळ्याला आता उजेडसुद्धा कळत नव्हता. डॉक्टर म्हणाले, डावा आता पिकलाय, हा तरी वेळेवर करा. मी मान हलवली. कुठे करायचं, कसं करायचं, मला ठाऊक नव्हतं. इंदापूरची शाळा केव्हाच मुलांनी भरली होती.

वैशाखात आई म्हणाली, मला नरसिंहपूरला संगमावर एकदा आंघोळ करायची आहे. नृसिंह जयंतीची गर्दी होती. ऊन चढायच्या आत मी तिला घाटाच्या पायऱ्यांवरून खाली नेत होतो. ती प्रत्येक पायरी आधी अंगठ्याने चाचपायची, मग पाय टेकायची. तिच्या पुढच्या पायऱ्यांवर जाड भिंगाचा चष्मा घातलेली एक बाई लुगडं वाळवत बसली होती. तिने आईचे पाय पाहिले आणि म्हणाली, "मीबी अशीच चालायची. बसा हितं."

बाई लोणी भापकरची होती. नवस फेडायला आली होती. आम्ही विचारायच्या आतच तिने सगळं सांगितलं. दिवाळीत ती यादीत नाव नसताना इंदापूरला गेली होती. तीन दिवस शाळेच्या ओसरीवर बसून राहिली. मग नाव असलेली एक बाई आलीच नाही, तिच्या जागेवर हिला घेतलं. "कोन बाय हुती कुनास ठावं," ती म्हणाली, "तिचं देव भलं करो." ते डॉक्टर पुन्हा इंदापूरला आले होते, धर्मशाळेत उतरले होते. जुन्या लोकांना चष्मे देत होते आणि ज्यांचं अडलं आहे अशा थोड्या लोकांचं ऑपरेशनही करत होते. पण उद्यापासून नवीन माणूस घेणार नव्हते. दुपारच्या एस.टी.ने गेलं तर आज गाठ पडेल.

ती न आलेली बाई म्हणजे आईच, हे माझ्या लक्षात आलं. आईलाही कळलं असावं, कारण तिने माझं मनगट घट्ट धरलं. पण ती म्हणाली, "मी न्हाय यायची. मागल्या खेपंला देवानं न्हाय म्हटलंय. आदी गावाला जाऊ, कौल लावू, मंग बघू."

गावाला जाऊन कौल लावायचा तर दोन दिवस गेले असते. मी तिला पुष्कळ समजावलं. ती ऐकेना. मनात आलं, इथल्याच देवळात जाऊन यावं आणि सांगावं की इथे देवाने हो म्हटलं. तेही मला जमलं असतं. एकदा जमलं होतं. समोर दोन नद्या एक होत होत्या, लोक त्यात बुडी मारून वर येत होते, आणि मला वाटलं की आता आणखी एक खोटं बोललो तर मी कधीच वर येणार नाही.

मी तिच्या पायाशी पायरीवर बसलो. "आये, देवानं व्हय म्हटलं हुतं. उजवं फूल पडलं हुतं. मीच डावं सांगितलं."

ती लोणीची बाई वाळत घातलेलं लुगडं गोळा करायला लागली, उगाचच. आईने विचारलं, "उसासाटी?"

"व्हय."

मला वाटलं ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "सहा म्हैनं मी भैरोबासंगं बोलले न्हाय रं. रुसून बसले हुते. त्याचा काय गुन्हा हुता?" आणि दोन्ही हात जोडून, पाणी कुठे आहे ते आवाजावरून ओळखून, ती तिकडे तोंड करून रडली. मग डोळे पुसले आणि म्हणाली, "ऊट. गाडी गाटायची हाय."

त्या संध्याकाळी तिला धर्मशाळेत दाखल केलं, दुसऱ्या सकाळी ऑपरेशन झालं. आठ दिवस ती उताणी पडून होती, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. खोकायचं नाही, हसायचं नाही. मी तिला पातळ लापशी भरवायचो. भर उन्हाळ्यातली माझी पाळी त्याच आठ दिवसांत येऊन गेली आणि मी एकदाही उसाचा विचार केला नाही. घरी गेल्यावर कळलं, तात्यांनी माझा ऊस आधी भरला होता, आपला मागून.

पट्टी सोडली त्या दिवशी डॉक्टरांनी तिच्या डाव्या डोळ्यापुढे एक जाड भिंग धरलं आणि विचारलं, समोर कोण आहे. मी खाली बघत उभा होतो. आई म्हणाली, "मान वर कर. मला तुजं त्वांड बगायचंय." मी वर पाहिलं. तिने पुष्कळ वेळ पाहिलं. मग डॉक्टरांना म्हणाली, "माजा ल्योक हाय. वाळलाय."

गावात मात्र तिने वेगळंच सांगितलं. लोणीच्या बाईला डोळे मिळायचे होते म्हणून देवाने आपल्याला थांबवलं, असं. मी एकदाच विरोध केला. ती म्हणाली, "तुला आता ल्योक झालाय. त्याला ह्या गावात ऱ्हायचंय." पुढे वीस वर्षं ती त्या एका डोळ्याने जगली, नातवंडं पाहिली, रोज भैरोबाला गेली. आणि ज्या देवावर ती सहा महिने रुसली होती, त्याच्याच नावावर माझ्यासाठी एक खोटं वागवत राहिली. मी ते तिला वागवू दिलं.

लोणीच्या बाईला डोळे मिळाले, ही देवाची कृपा. घाटावर तीच समोर बसली होती, ही त्याहून मोठी कृपा. पण तिच्या डोळ्यांआड मी माझी चूक लपवू शकत नाही. देवाने वाट काढली म्हणून मी अडवलेली वाट बरोबर ठरत नाही. त्याच्यावर भार टाकायचा म्हणजे काय, हे मला त्या धर्मशाळेत कळलं. तिथे माझ्या हातात एक वाटी आणि चमचा सोडून काही नव्हतं, आणि ज्या पाण्यासाठी मी आईचा डोळा घालवला ते माझ्यावाचून वाहत होतं.

त्या दयाळू देवाला, माझ्या आईला आणि तात्यांना माझा साष्टांग नमस्कार. आमच्या गावात कुणी कौल नाही म्हणून डोळे झाकून बसलं असेल, तर त्याने माझ्या आईचं नाव पुढे करू नये. भैरोबाने हो म्हटलं होतं.