आत्याची दातपट्टी

आमच्या गावच्या पांदण रस्त्याच्या विकासात माझ्या आत्याचं योगदान ऐतिहासिक आहे. इतिहासात तिचं नाव नाही, हे खरं. पण इतिहास तिला कधी हाताने हलवून पाहता आला नव्हता, त्यामुळे तिचाही त्याच्यावर विश्वास नव्हता.

प्रत्येक वस्तू ती आधी हलवून पाही. पाहुण्यांकडे गेली की बसण्याआधी खुर्ची, लग्नात शिरण्याआधी मांडवाचा खांब. माझ्यासाठी बार्शीटाकळीला मुलगी पाहायला गेलो, तेव्हा तिने चहाचं टेबल हलवलं आणि सगळ्यांदेखत निकाल दिला, "पोरगी चांगली हाय. टेबलाचं पाहून घ्या." लग्न झालं. सासरच्या त्या टेबलाखाली अजून पुठ्ठा आहे.

अमरावतीजवळच्या गावी तिचा झेंडू असे. शेतातून डांबरी सडकेपर्यंत यायला एकच वाट, ती पांदण. पावसात तिथे काळ्या मातीचा असा चिखल होई की फुलांचा टेम्पो जागीच बसे. एका वर्षी नवरात्राच्या ऐन तोंडावर सगळा माल शेतातच सडला. तेव्हा तिने ठरवलं, कडेने नाली काढायची आणि पाणी नाल्याला सोडायचं. तिच्या छोट्या ट्रॅक्टरला पुढे माती उचलायचा लोडर होताच. पण त्याच्या बकेटची धार सपाट. पुढच्या उन्हाळ्यात आवळलेल्या जमिनीवरून ती तव्यावरच्या उलथन्यासारखी नुसती घसरायची.

म्हणून तिने दातपट्टी आणली. बकेटच्या ओठावर आडवी बसणारी, पुढे दात काढलेली जाड लोखंडी पट्टी. मिस्त्री वेल्डिंगची तयारी करून आला होता.

"वेल्डिंग नाई. दोन्हीकून छेद पाड अन् बोल्ट लाव. माती सारखी कराची असली का पट्टी काढता आली पायजे."

त्याने बोल्ट कसले. आत्याने पट्टी दोन्ही हातांनी धरली. "हालून राह्यली."

"काकू, हे हत्तीनंबी हालत नाई."

"हत्ती नाई चालवणार, मी चालवणार हाय."

डाव्या बाजूला एक वॉशर वाढला, तेव्हा कुठे तिने त्याला चहा दिला.

नाली निम्म्याहून जास्त झाली आणि साहेब येणार असल्याचं कळलं. याच पांदणीच्या पक्क्या रस्त्याचं भूमिपूजन. साहेबांवर उंचावरून फुलं उधळायची म्हणून आत्याच्या चुलतदिराचा मुलगा, जो कार्यकर्ता आहे, लोडर मागायला आला. झेंडू द्यायला तिची ना नव्हती. पण त्याची नजर बकेटवर गेली.

"काकू, हे दात काढा लागतीन. फोटोत साहेबाले चावाले आल्यावानी दिसते."

"मंग साहेबाले लांब उभं कर."

"बोल्टच तर हायेत. निंगतात ना?"

"तुह्या साहेबाची टोपीबी निंगते डोक्यावरून. काढतो का?"

मग कार्यकर्त्यांनी मोठं यंत्र बाहेरून आणलं. आणि पाहुण्यांच्या गाड्या लावायला पांदणीच्या तोंडाशी जागा हवी, म्हणून त्या यंत्राने आत्याची नाली मुरूम टाकून बुजवली. त्या रस्त्याचं जे काही काम झालं होतं, ते कामाच्या शुभारंभासाठी बुजवण्यात आलं. आजही हे साध्या शब्दांत लिहिताना मला कष्ट पडतात. साहेबांनी कुदळ मारली. ती सहज आत गेली. ती जागा आत्याने आधीच उकरलेली होती. टाळ्या वाजल्या, झेंडू बरसला, बळीराजाच्या घामाचा दोनदा उल्लेख झाला. मीही अमरावतीहून आलो होतो आणि खुर्चीवर बसून हे सगळं पाहत होतो.

लोक जेवायला वळल्यावर आत्या कोनशिलेपाशी गेली. दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "हालून राह्यली."

"सिमेंट ओलं हाय, काकू," कार्यकर्ता म्हणाला.

"मंग वाळेपर्यंत थांबाचं होतं. कोणाले घाई होती?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने दात मुरमात घातले. कार्यकर्ता धावत आला. "काकू, कालच तर भूमिपूजन झालं इथं."

"म्हणूनच खंदून राह्यली. पूजा झाली, आता काम नको?"

"सरकारी काम हाय ते. त्याले हात लावता येत नाई."

"हात कोण लावून राह्यलं, बाबू? बाजूले सरक."

तो सरकला. त्या वर्षी नवरात्रात फुलं वेळेवर बाजारात पोचली.

दोन वर्षांपूर्वी आत्या गेली. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात तिने खाटेचा कठडा हलवून पाहिला आणि नर्सला म्हणाली, "पोरी, हा कसून घे. माह्यानंतर कोणी येईनच ना." साहेबांकडून हार आला, झेंडूचा.

आता ट्रॅक्टर तिची सून चालवते. पावसाळ्याआधी नाली साफ करते, त्याआधी दातपट्टीचे बोल्ट कसते. रस्ता झालेला नाही. गेल्या महिन्यात गावी गेलो तेव्हा पांदणीच्या तोंडाशी उतरलो, कोनशिलेवरचं विकासपुरुष, कर्तव्यदक्ष वगैरे सगळं वाचलं आणि तिला दोन्ही हातांनी धरून पाहिलं.

हलते.