क्रेनखालच्या पाटीचं इंग्रजी

भिलाईचा प्लांट उभा राहत होता त्या दिवसांत आमच्या क्वार्टरच्या ओळीत इंग्रजी घेऊन मॅट्रिक झालेली बाई मी एकटीच. नवऱ्यानं कामावर ही बढाई मारली असणार, कारण एका रविवारी रशियन साहेबांची दुभाषी कागद घेऊन दारात उभी. क्रेनजवळच्या सूचनांच्या पाट्या ती इंग्रजीत लिही. चुकांबद्दल तक्रार झाली होती. पुन्हा झाली, तर तिला मायदेशी धाडणार होते. तिला इथे राहायचं होतं.

मी खुशीनं तांबडी पेन्सिल घेतली. पण बाई भारी चौकस. इथे स्वल्पविराम का? तिथे का नाही? शाळेत आमच्या बाई देत म्हणून मी देते, एवढंच मला ठाऊक. पण तसं सांगायला जीभ रेटेना. मग मीच विचारलं, तुम्ही कुठे शिकलात? तीही पुस्तकांतूनच शिकलेली. इंग्रज माणूस तिनं पाहिलाच नव्हता. मी नागपूरला पाहिले होते, पण लांबून. अशा आम्ही दोघी इंग्रजी दुरुस्त करतोय, याची मला मोठी गंमत वाटे.

एका जुन्या पाटीवर होतं: 'रोप टाइट. मॅन अवे. देन लिफ्ट.' मी त्याचं चार ओळींचं एकच वाक्य केलं, अर्धविरामासकट, आणि ऐटीत नवऱ्याला दाखवलं. तो क्रेनला भार बांधायचं काम करी. त्यानं दोनदा वाचलं.

"मले समजून नाही राहिलं," तो म्हणाला. "जुनं त आमाले पाठ आहे. भार उचलताना सारे तेच ओरडतो."

"तुम्हाला इंग्रजी येत नाही, त्याला मी काय करू?" मी फणकारले. तो हात धुवायला गेला.

पुढच्या रविवारी मी हे तिला हसत सांगितलं. ती हसली नाही. माझं वाक्य खोडून तिनं खाली जुनेच शब्द लिहिले.

"आणि तक्रार झाली तर?"

"तर मी घरी जाईन," ती म्हणाली. "तो भाराखाली असतो."

महिन्याभरात ती खरंच गेली. मी रडत बसले.

"कावून रडून राहिली?" नवऱ्यानं विचारलं.

"ती गेली म्हणून," एवढंच मी म्हणाले. त्यानं पाटी वाचून समजत नाही म्हटलं, त्यानंतरचा आठवडाभर मला माझं वाक्य वाया गेल्याचंच वाईट वाटत होतं. त्याच्या डोक्यावरचं लोखंड माझ्या मनातही आलं नव्हतं.