ब्रेकवर येणारा आवाज

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्व-दीर्घ अजूनही चुकतं आणि अक्षर उताराला लागल्यासारखं खाली घसरतं, त्याची माफी आधीच मागते. तसं हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही.

आमच्याकडं एक जुनी गाडी आहे. मालक, म्हणजे माझे घरधनी, ती चालवतात. रोज सकाळी मुकुंदवाडीतून मी आणि शेजारच्या तिघी तिच्यातून शेंद्र्याला कंपनीत पॅकिंगच्या कामाला जातो. त्या तिघींच्या भाड्यावर घरातला किराणा भागतो. मी पुढं, मालकांच्या डाव्या हाताला बसते. गेल्या वर्षी माझ्या पायाखाली खट्ट असा आवाज यायला लागला.

मालक म्हणाले, शॉकअप गेले, म्हणजे खड्ड्यांचे धक्के झेलणारे दांडे. एका गॅरेजवाल्यानं दोन्ही बदलून दिले. साठवलेले पैसे त्यात गेले आणि आवाज होता तसाच राहिला. वर गाडी ब्रेक दाबला की एका अंगाला ओढायला लागली.

तिघींत एक मावशी आहेत, वयानं मोठ्या. त्या मागून म्हणाल्या, "दाजी, फर्दापूरहून लेकीला बाळंतपणाला आणायचीय मला. ह्या गाडीत आणली तर वाटंत सिल्लोडातच बारसं करावं लागंल."

सगळ्या हसल्या. मग मावशी हसणं थांबवून म्हणाल्या, "खरंच सांगते. ह्या महिन्यात नीट करा, नायतर आमी दुसरी गाडी लावतो."

त्या रविवारी मालकांनी ओळखीच्या जुन्या मिस्त्रीकडं गाडी नेली. त्यांना सगळे चाचा म्हणतात. मीही गेले होते. चाचांनी विचारलं, "आवाज कब आता?"

"खड्ड्यात," मालक म्हणाले.

मला माहीत होतं, खड्ड्यात नाही. पण परक्या माणसापुढं माझी जीभ उचलत नाही. चाचांनी गाडीच्या डाव्या दारातून आत पाहिलं आणि विचारलं, "इधर कौन बैठता?"

मालकांनी माझ्याकडं बोट केलं. आता सांगणं भागच होतं. मी खाली बघत म्हणाले, "ब्रेक दाबला की येतो. एकदाच. इथं, पायाखाली."

चाचांनी मालकांना गाडी हळूहळू पुढं-मागं घेत ब्रेक दाबायला लावलं आणि स्वतः उकिडवे बसून चाक बघत राहिले. ब्रेक लागला की डावं चाक जागचं मागं सरकत होतं. मग गाडी जॅकवर चढवली. चाकाला धरून ठेवणारा लोखंडी हात असतो, त्याला लोअर आर्म म्हणतात. त्याच्या टोकाला रबरी बुश असतो, जाड रबराची कडीच. चाचांनी तिथं पहार घालून दाबली तर आर्म इकडून तिकडं हलला. रबर फुगून फाटलं होतं. बोट लावलं तर काळं, चिकट.

"इसको तेल कौन पिलाया?"

मालक दर पावसाळ्याआधी गाडीखाली इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल ब्रशनं फासतात. गंज धरू नये, करकर होऊ नये म्हणून. त्यांच्या घरी बैलगाडी होती, तिच्या आसाला वंगण घालत घालत ते मोठे झाले. "करकरलं की वंगण, एवढंच ठाऊक," ते म्हणाले.

"वो लोहा था. ये रबर है, तेल में गल जाता."

मला कुकरची रिंग आठवली. तेलकट राहिली की तीही अशीच सैल पडते.

उजवीकडचा बुशही तसाच निघाला. बुशसकट दोन्ही आर्म बदलायचे ठरले. पैसे मात्र शॉकअपनं खाल्ले होते. सोमवारी गाडीत, चिकलठाणा मागं पडल्यावर, मी मागं वळून तिघींना म्हणाले, "दोन महिन्यांचं भाडं आगाऊ द्याल का? आर्म टाकायचेत."

मावशी म्हणाल्या, "इतक्या वर्षांत पैल्यांदा तोंड उघडलं, तेबी पैसे मागायला." पण पगाराच्या दिवशी पहिल्यांदा त्यांनीच दिले.

चाचांनी जुने आर्म काढले. एक बोल्ट गंजून बसला होता, त्यालाच दुपार झाली. नवे बसवल्यावर मालक म्हणाले, "चाचा, गाडी वर हाय तवरच आवळून टाका."

"नक्को. हवा में कसा, तो गाडी नीचे बैठते ही रबर पिळा जाता. चार महिने में फिर फटता." गाडी चाकांवर उतरवली, मगच बुशचे बोल्ट आवळले. नंतर अलाइनमेंट केलं. जालना रोडला मालकांनी मुद्दाम जोरात ब्रेक दाबला. गाडी सरळ थांबली, माझ्या पायाखाली काही वाजलं नाही. ते माझ्याकडं बघत होते. मी मान हलवली.

घरी उरलेलं जळकं ऑइल मालकांनी चाचांच्या गॅरेजात देऊन टाकलं.

पुढचे दोन महिने गाडी भरून जायची आणि हातात काही यायचं नाही. मावशींची लेक आम्हीच फर्दापूरहून आणली. ती मागं मावशींच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, ती मुकुंदवाडी आल्यावरच उठली. तो फेरा मावशींच्या आगाऊ पैशांत वळता केला. बाळंतपणासाठी त्यांनी सुट्टी घेतली, म्हणून बाकी दोघींचं फिटल्यावरही त्यांचे काही दिवस उरले. तेवढे दिवस त्यांना बिनपैशानं नेलं.

शेवटच्या दिवशी कंपनीच्या गेटाशी उतरताना त्यांनी दार हळूच लावलं आणि खिडकीतून म्हणाल्या, "दाजी, माझं फिटलं सगळं. उद्यापासून पैसे घेत जा."