विमानातला चौथा

माझं काम नक्की काय, हे मला अजून कोणाला धड सांगता आलेलं नाही. वाशिंदच्या घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडते आणि परदेशातून स्वतःचं विमान घेऊन येणाऱ्यांची वर्दी देते. वर्दी हा माझा शब्द, ऑफिसात नोटीस म्हणतात. खासगी वैमानिकाला दुसऱ्या देशात मनाला येईल तिथे उतरता येत नाही. पहिल्यांदा टेकायचं ते जिथे कस्टमचे आणि पासपोर्ट बघणारे लोक बसतात अशाच विमानतळावर. आधी कळवायचं की कुठून निघणार, केव्हा पोचणार, आत कोण कोण आहे, सोबत काय आहे. पोचल्यावर त्यांचा माणूस हो म्हणेपर्यंत विमानातून कोणी उतरायचं नाही. आमच्याकडे वऱ्हाड गावाबाहेर मारुतीच्या देवळापाशी थांबतं आणि मुलीकडचे ओवाळायला आल्याशिवाय आत येत नाही, तसंच हे. फक्त इथे ओवाळत नाहीत.

माझे बहुतेक वैमानिक हौशी. पैसा भरपूर, धीर कमी, आणि नियम दुसऱ्यांसाठी केलेले असतात याची पक्की खात्री. त्यांना गोड बोलून वेळेत कागद पाठवायला लावणं एवढाच माझा त्यांच्याशी संबंध. त्यांच्याबद्दल बरं-वाईट काही वाटून घ्यायची मला सवय नाही. माझा सख्खा भाऊ त्यांच्यात सामील होईपर्यंत तशी वेळही आली नव्हती.

दादा मस्कतला इंजिनिअर आहे. तिथल्या क्लबात तो विमान चालवायला शिकला. माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा म्हणाला, मी विमान घेऊनच येतो. म्हटलं, बाबा रे, तिकीट काढ, सरळ मुंबईला उतर, दोन तासांत घरी ये. ऐकेल तर तो दादा कसला. मुंबईत लहान विमानाला जागा मिळाली नाही, म्हणून गुजरातेतला एक विमानतळ ठरला आणि तिथून पुढे गाडी. सोबत वहिनी आणि त्यांचा मुलगा.

मुलीला मामा हा एकच. भटजींनी हाक दिली की मामाने मुलीला हाताला धरून अंतरपाटापाशी आणायचं, हा त्याचा मान. चुलतभावाला मी तयार राहायला सांगून ठेवलं होतं, पण आईला ते मुळीच आवडलं नव्हतं. वडील गेले तेव्हा दादा पोचेपर्यंत राख सावडून झाली होती. त्यावर आई कधी काही बोलली नाही. या वेळीही तो पोचला नाही, तर ती आणखी गप्प होईल अशी मला भीती होती, आणि ते गप्प बसणं सोसायचं होतं ते मला, दादाला नव्हे.

दादाची वर्दी मी स्वतः दिली. तीन नावं, तीन पासपोर्ट, विमानाचे कागद, पोचायची वेळ. दोनदा वाचून पाठवली. शुक्रवारी सकाळी ते निघणार होते, त्याच संध्याकाळी हळद आणि शनिवारी दुपारी लग्न.

शुक्रवारी दुपारी दारात मांडवाला आंब्याचे टाळे बांधणं चाललं होतं. आई धसईजवळच्या आमच्या गावाहून आदल्या दिवशीच आली होती. तेवढ्यात फोन आला. वर्दीवर संपर्कासाठी माझा नंबर असतो. पलीकडे विमानतळावरचा अधिकारी होता. विमान उतरलंय, सगळे सुखरूप आहेत, असं सांगून त्याने अदबीने विचारलं, "मॅडम, चौथा आदमी कहाँ है?"

मी म्हटलं, तीनच आहेत, नावं तुमच्यासमोर आहेत. तो म्हणाला, नावं तीनच आहेत, पण मस्कतहून निघाल्याचा जो संदेश आलाय त्यात विमानात चार माणसं लिहिली आहेत. मग मात्र मी गंभीर झाले. आमच्या कामात जास्तीचा माणूस ही थट्टा नसते. चढलेला माणूस उतरला नाही म्हणजे तो मध्येच कुठेतरी गेला, नाहीतर त्याचं नाव कोणीतरी लपवलं. त्या अधिकाऱ्याच्या जागी मी असते तर मीही कोणाला हलू दिलं नसतं.

दादाला फोन लावला. तो इतका चिडला होता की वहिनीच बोलली. निघताना दादा विमान तपासत होता, तेव्हा निघाल्याचा संदेश पाठवणाऱ्या तिकडच्या एजंटाने तिला फोनवर विचारलं, किती लोक? ती म्हणाली, चार. का, तर तिच्या मांडीवर नारळ होता.

आता मला पुढचं सांगायची गरज नव्हती. शुभ कामाला तिघांनी निघू नये हे आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक असतं. निघावंच लागलं तर सोबत नारळ, सुपारी, काही नाही मिळालं तर दगड घ्यायचा आणि तो चौथा म्हणून मोजायचा. निघण्याआधी आईने वहिनीला फोन करून बजावलं होतं, "तिघा जणा निघू नका गो. नारल घे संगती. कोनी इचारलं तर चार सांग." वहिनीने सासूचा शब्द पाळला. एजंटाने चार लिहिले. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं होतं.

दादा म्हणाला, तिला ऐकायला नीट आलं नाही असं लिहून टाक आणि मोकळं कर आम्हाला. मला राग आला. दादाला सांगितलं, तुला आज तिथून सुटायचंय, मला या लोकांना सोमवारीही मेल पाठवायचेत, माझ्या नावाने खोटं जाणार नाही. मग जे होतं ते इंग्रजीत लिहिलं. विमानात चौथी व्यक्ती नव्हती, तो नारळ होता, आमच्या समाजात अशी पद्धत आहे. लिहिताना हसू आलं नाही. एरवी आलं असतं.

थोड्या वेळाने अधिकाऱ्याचा फोन आला. आमच्याकडे सुपारी ठेवतात, तो म्हणाला. मला हायसं वाटलं. मग त्याने विचारलं, नारळ सामानात सांगितला होता का? बाहेरून आणलेलं फळ सांगावं लागतं हे मी लोकांना रोज बजावते, आणि माझ्या वर्दीत नारळ नव्हता. तो नारळ त्यांनी ठेवून घेतला. पण तीनच माणसं निघाली असं मस्कतहून दुरुस्त होऊन आल्याशिवाय सोडता येणार नाही, म्हणाला. तिकडे शुक्रवारची सुट्टी. संदेश लिहिणारा एजंट घरी गेला होता आणि फोन उचलत नव्हता.

आईला सांगणं भाग होतं. ती हळद लावायला बसलेल्या बायकांत बसली होती. सगळं ऐकून तिने एवढंच म्हटलं, "म्हंजे माज्यामुलं अडला." नाही म्हणावं असं वाटलं, पण ते खरं होतं आणि माझा राग उतरला नव्हता. मी पुन्हा फोनला चिकटले. हळद मामाशिवाय लागली. आईने कोणाशी वाद घातला नाही, जेवलीही नाही.

दिवेलागणीला एजंट सापडला. त्याने दुरुस्ती पाठवली, ती मान्य व्हायला आणखी वेळ गेला, मग कुठे शिक्के पडले आणि दादा गाडीने निघाला. वाटेत ट्रक बंद पडून रस्ता तुंबला तो वेगळाच. दुसऱ्या दिवशी लग्नाच्या हॉलवर मुहूर्ताची वेळ झाली, भटजींनी मामाला हाक दिली, चुलतभाऊ टोपी सारखी करून उठला, आणि माझी मुलगी जागची हलेना. दोन मिनिटं थांबू, म्हणाली. दोनाची बरीच झाली. भटजी माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात हॉलच्या दारात गाडी आली आणि दादा कालच्याच शर्टात आत शिरला. त्याने हातपाय धुतले नाहीत की कोणाला नमस्कार केला नाही, सरळ भाचीचा हात धरला. मला तेव्हा इतका आनंद झाला की अक्षता टाकायचंही भान राहिलं नाही. आईने मात्र आधी दारातून वाकून गाडीत बघितलं. ड्रायव्हर धरून चार होत होते.

दादाची रजा थोडीच होती. लग्नानंतर सगळे आईकडे गावी गेले आणि दोन दिवसांनी परत माझ्याकडे आले. जातानाही वर्दी द्यावी लागते. पुन्हा तीच नावं, तेच पासपोर्ट, पुन्हा कस्टमच्याच विमानतळावरून निघायचं. मी टेबलावर ती लिहीत होते. दादा अंघोळीला गेला होता, वहिनी बॅगा भरत होती. आई येऊन शेजारच्या खुर्चीवर बसली. काय लिहितेस, विचारलं. दादा जाणार ते कळवतेय, म्हटलं.

"नाय कलवला तर?"

मी म्हटलं, तर जाऊ देणार नाहीत.

ती खुर्ची पुढे ओढून पडद्याकडे बघायला लागली. तिला त्यातलं काही वाचता येत नव्हतं. मग बाथरूमच्या दाराकडे एक नजर टाकून हळूच म्हणाली, "मंग ऱ्हाऊ दे गो. आज नको धाडूस."

मी धाडली.